माझ्या नावाचा मसुदा

जाग आली तेव्हा घरात दिवा लागलेला होता, आणि तो मी लावलेला नव्हता.

मी धडपडून उठले. अंगावर चादर होती. दुपारी मशीनवरून उठून जरा पाठ टेकावी म्हणून तिथंच फरशीवर आडवी झाले होते, चादर घ्यायचंही त्राण नव्हतं. मग ही घातली कुणी? स्वयंपाकघरातून चहाचा वास येत होता. बाई गं, म्हटलं, हे चहा करतायत म्हणजे कुणीतरी गेलं तरी असणार, नाहीतर ऑफिसात काहीतरी भानगड झाली असणार.

आमचे हे, म्हणजे दिगंबर देशमाने, कप घेऊन बाहेर आले. "उठलीस? झोप झाली का?"

"किती वाजले?"

"सात वाजून गेले."

मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, सात वाजून गेले? माझं लिहायचं राहिलं! मला उठवायचं तरी!"

"बस. चहा घे आधी." हे हसत होते. सणाला साडी आणून कपाटात लपवलेली असली की असंच हसतात. "तुझं काही राहिलेलं नाही."

राहिलं नाही म्हणजे काय, ते मला कळेना. पण चहा हातात होता, गरम होता, आणि मी केलेला नव्हता. म्हणून मी गप बसून प्यायले.

आता राहिलं काय ते सांगते. आम्ही बार्शीत शिक्षक कॉलनीच्या मागच्या अंगाला राहतो. मी बाहेरच्या खोलीत साड्यांना फॉल-पिको करते. आमचा दत्ता पुण्याला शिकायला गेला, आणि त्याच वर्षी सासूबाई, आमच्याकडं आत्याबाई म्हणतात, न्हाणीत पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. त्यांची कॉट मी मशीनशेजारीच टाकून घेतली. म्हणजे एक डोळा सुईवर, एक डोळा त्यांच्यावर. लग्नसराई आली की साड्यांचे गठ्ठे खुर्चीवर, टीव्हीवर, आत्याबाईंच्या पायथ्याशी. पहाटे उठायचं, ह्यांचा डबा, आत्याबाईंचं सगळं अंथरुणात, मग मशीन, मग स्वयंपाक, परत मशीन. मी काही जगावेगळं करत नव्हते, सगळ्याच करतात. पण दमायचे, हे खरं.

तर त्या दिवसांत मला लिहायचा नाद लागला. माझ्या जावेच्या मुलीनं फेसबुकवरच्या एका गटात मला ढकललं. 'रोज चार ओळी' असं त्याचं नाव. पुण्याच्या अनुराधाताई चालवायच्या. नियम एकच, रोज लिहायचं, संध्याकाळी सातच्या आत. सातला गेट बंद. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाडा पडला की वर्षाच्या शेवटी जे पुस्तक निघणार त्यातून नाव गेलं. दूधवाल्याचा खाडा असतो, भांडीवाल्या बाईचा असतो, तसा आमचा लिहिणाऱ्यांचा. "लिहायला विषय लागत नाही बायांनो, बूड लागतं," असं अनुराधाताई म्हणायच्या. माझं बूड तर दिवसभर मशीनच्या स्टुलावरच असायचं. तेव्हा म्हटलं, जमेल.

सुरुवातीला कुठलं जमायला? एका बोटानं टाइप करायचं, त्यात मराठी जोडाक्षरं. एक ओळ होईस्तोवर दूध उतू जायचं. काय लिहावं तेही कळायचं नाही. मग आपलं समोर दिसेल ते लिहायला लागले. एक बाई नणंदेनं दिलेल्या साडीला फॉल लावून घ्यायला येते आणि पिशवी उघडायच्या आधी नणंदेला शिव्या देऊन घेते, ते लिहिलं. कुकरची शिट्टी झाली की घरातला पुरुष नेमका "भात झाला का?" विचारतो, ते लिहिलं. एकदा नुसतं लिहिलं, 'आज काहीच झालं नाही, तरी मी दमले.' त्याला चार-पाच अंगठे आले. मला त्याच्यापेक्षा जास्त कधी आले नाहीत, आणि त्याचं वाईटही वाटायचं नाही. दिवसभरात तेवढी एकच गोष्ट अशी होती की जी कुणाच्या पोटात जात नव्हती, कुणाच्या अंगावर चढत नव्हती, धुवायला पडत नव्हती. ती माझी होती.

टाकायच्या आधी मी ते आत्याबाईंना वाचून दाखवायची. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, शाळा दुसरीपर्यंत. पण कान तिखट. ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बरं हाय." नाहीतर म्हणायच्या, "आज पाणी घातलंस की गं." पाणी घातलं म्हणाल्या की मी दोन ओळी खोडायची. खोडून झालं की कळायचं, म्हातारीचं बरोबर होतं.

असे दहा महिने गेले. एकही खाडा नाही. ताप आला, पाहुणे आले, तीन दिवस आमच्याच घरची लाईट नव्हती तेव्हा शेजारी जाऊन फोन चार्ज केला, पण खाडा पडू दिला नाही. हे चेष्टा करायचे, "झालं का संपादकीय?" पण ऑफिसात सांगायचे, आमची मिसेस लेखिका आहे म्हणून. ते मला दुसऱ्यांकडून कळायचं.

आणि त्या दिवशी मी झोपले.

चहा संपला. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला. "बघ."

फोन नुसता थरथरत होता. लाल बदाम, हात जोडलेले, रडणारी तोंडं. माझ्या नावावर लेख होता. मी वाचायला लागले.

'आज अंग मोडून आलं होतं. तरी पहाटे उठले. सासूबाईंची सेवा केली, यजमानांचा डबा केला, मशीनवर बसले. मैत्रिणींनो, लोक मला विचारतात, तू थकत नाहीस का? मी नुसती हसते. आपल्या माणसांसाठी झिजताना थकवा कसला? चंदन झिजतं तेव्हाच त्याचा सुगंध दरवळतो. माझ्या माणसांच्या चेहऱ्यावरचं समाधान हीच माझी विश्रांती.'

मी दोनदा वाचलं. चंदन! मी!

"तू इतकी गाढ झोपली होतीस," हे सांगत होते, "की उठवायचा जीव होईना. फोन सारखा वाजत होता, ताई गेट बंद व्हायला आलं, ताई कुठं आहात. म्हटलं, हिचा खाडा पडायचा. मग बसलो, कच्चा मसुदा केला, पक्का केला आणि टाकला. बरोबर सातच्या आत. आवडला का?"

काय सांगू? ह्यांनी मला झोपू दिलं होतं. चादर घातली, चहा केला, आत्याबाईंना खिचडीसुद्धा भरवली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि त्याच हातानं हे लिहिलं होतं. मी म्हटलं, "तुम्ही माझ्या नावानं लिहिलंत?"

"मग कुणाच्या नावानं लिहू? खाडा तुझा पडत होता."

ह्यांचं तरी काय चुकलं म्हणायचं? पंचायत समितीत जन्म गेला. साहेबांची पत्रं हे लिहिणार, सभापतींची भाषणं हे लिहिणार. 'मी आपणास ग्वाही देतो की' असं ह्यांनी किती माणसांच्या तोंडून म्हणवून घेतलं असेल! ह्यांनी मसुदा करायचा आणि दुसऱ्यानं सही करायची, हेच काम. तसा हा एक माझा मसुदा.

मी भाकरी टाकायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हे ऑफिसला गेल्यावर अनुराधाताईंचा फोन आला. त्यांनी मला कधी फोन केला नव्हता. मी हात पुसून उभी राहिले.

"उज्ज्वलाताई, अहो काय लिहिलंत काल! मी रडले. खरंच सांगते."

"हो का?"

"इतके महिने मी वाट बघत होते. तुम्ही लिहायचात, पण राग मानू नका, जरा कोरडं कोरडं. काल पहिल्यांदा तुम्ही आतून उघडलात."

मी पदराला परत हात पुसले.

"पुस्तकात प्रत्येकीचा एकच लेख जाणार आहे," त्या म्हणाल्या, "तुमचा हाच घेते. अगदी पहिल्या पानांत घालते. चालेल ना?"

मी म्हटलं, "बघते, ताई." आणि फोन ठेवला.

पुस्तक! माझं नाव छापून येणार होतं. माहेरी दाखवता आलं असतं. दत्तानं हॉस्टेलवर दाखवलं असतं. आणि नावाखाली काय? ती बाई. जी थकत नाही, नुसती हसते. मला तिचा असा राग आला म्हणून सांगू! माझ्याच घरात येऊन माझ्याच स्टुलावर बसल्यासारखी.

"कुणाचा फोन?" आत्याबाईंनी कॉटवरून विचारलं.

मी सांगितलं नाही. नुसता तो लेख वाचून दाखवला. रोज दाखवते तसा, कोरड्या आवाजात. त्या छताकडं बघत ऐकत होत्या.

"कसं आहे?" मी विचारलं.

"हे तुझं न्हाई."

"कशावरून?"

"तू मला कवा सासूबाई म्हनलीस?" त्या म्हणाल्या, आणि तोंड भिंतीकडं करून घेतलं. "दिगूचं हाय हे. मला म्हाईत हाय त्याचं लिव्हनं."

मी मशीनवर बसले. त्या दिवशीचंही लिहायचं होतं. नणंदेला शिव्या देणारी बाई आली, नवी साडी देऊन गेली, नव्या शिव्या देऊन गेली. एरवी मी तिचा एक शब्द सांडू दिला नसता. त्या दिवशी फोन हातात घेतला आणि बोट हलेना. काल ज्यांनी बदाम पाठवले त्या सगळ्या आता त्या चंदनाच्या बाईची वाट बघत बसल्या होत्या. मी लिहिलं असतं, की पाठ दुखते, तर म्हणाल्या असत्या, अगं काल तर हसत होतीस. मला कळून चुकलं, हा लेख राहिला तर मला पुढं रोज त्याच बाईसारखं लिहायला लागणार. नाहीतर गप बसायला लागणार. दोन्हीत मी नाहीच.

दुपारी मीच अनुराधाताईंना फोन लावला.

"ताई, कालचा लेख माझा नाही. आमच्या ह्यांनी लिहिला. मी झोपले होते."

पलीकडं त्या हसायलाच लागल्या. "अगंबाई! किती गोड! यजमानांनी बायकोचा खाडा पडू नये म्हणून लिहिलं? अहो, मग हे तर आणखी छान आहे. आपण तेच सांगू या सगळ्यांना."

"नको. काढते मी तो."

"काढलात तर खाडा पडेल हो. नियम सगळ्यांना सारखा. मग पुस्तकात नाव नाही येणार."

"पडू दे."

"दहा महिने, उज्ज्वलाताई! थोडक्यासाठी? आणि त्यात वाईट काय लिहिलंय? चांगलंच लिहिलंय ना तुमच्याबद्दल?"

"चांगलंच लिहिलंय," मी म्हटलं. "पण ते खोटं आहे."

हे म्हणताना आवाज चढवायचा होता, पण तेवढी ताकद नव्हती. भाजी संपली म्हणून सांगावं तसंच सांगितलं. फोन ठेवला आणि लेख काढून टाकला. काढायला काही लागत नाही, 'नक्की काढायचा का?' असं विचारतं, हो म्हणायचं. झालं. बदाम गेले, रडणारी तोंडं गेली, माझे दहा महिनेही गेले. मग मला रडू आलं. आत्याबाई बघत होत्या, पण त्यांनी कळू दिलं नाही की त्या बघतायत.

संध्याकाळी हे आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. ऑफिसात सगळ्यांना लेख दाखवून आले होते. पुस्तकाचं मी सकाळी फोनवर सांगितलं होतं, तेवढंच सांगितलं होतं. पुढचं बोलायला धीर झाला नव्हता.

"आधी आईला दे," हे म्हणाले. "मग देवापुढं ठेव."

"लेख काढलाय मी."

"काढलाय म्हणजे?"

"काढून टाकला. अनुराधाताईंना सांगितलं, माझा नव्हता म्हणून. खाडा पडला. पुस्तकात नाव नाही."

पुडा हातातच राहिला. ह्यांचा चेहरा पडला. "डोकं फिरलंय का तुझं? हाततोंडाशी आलेला घास! मी कुणासाठी केलं हे? माझ्यासाठी केलं? अख्ख्या ऑफिसला सांगून आलो मी!"

"तुम्ही माझ्यासाठीच केलंत, मला माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही. ते मी म्हटलेलं नव्हतं."

"साहेबांच्या नावानं एवढं लिहितो मी. आजवर एकही साहेब म्हणाला नाही, की हे माझं नाही म्हणून!"

"साहेबांना भाषण हवं असतं. मला नको होतं."

"असं काय वाकडं लिहिलं होतं मी? तुझी तारीफच केली ना? दुसरा नवरा असता तर..." हे थांबले. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "बरं, तू काय लिहिलं असतंस काल? सांग की. मी तेच टाकलं असतं."

"काही नाही लिहिलं असतं," मी म्हटलं. "मी दमून झोपले होते. तेवढंच झालं होतं काल."

"झोपले होते, हे काय लिहिण्यासारखं आहे?" हे आत्याबाईंकडं वळले. "आई, तू तरी सांग हिला. काय वाईट होतं त्यात?"

आत्याबाईंनी हात पुढं केला. मला वाटलं पेढा मागतायत. पण त्यांना उठून बसायचं होतं. मी पाठीमागं उशी लावली. त्यांना नीट टेकता येईस्तोवर हे तसेच उभे राहिले.

"दिगू," त्या म्हणाल्या, "तू साळंत निबंध लिव्हला व्हतास. माजी आई. आठवतंय?"

ह्यांचा चेहरा एकदम उजळला. "आठवतंय म्हणजे? पहिला नंबर आला होता. गॅदरिंगला गुरुजींनी सगळ्यांसमोर वाचला. बघ, तेव्हापासून लिहितोय मी. तू पण आली होतीस की ऐकायला."

"आले व्हते. डाळमिलातनं तशीच आले व्हते. दिसभर डाळ पाखडून."

"पुढंच बसली होतीस. मी बघत होतो ना तुझ्याकडं. डोळ्यांत पाणी आलं होतं तुझ्या."

"पाठ दुखत व्हती," आत्याबाई म्हणाल्या. "खाली बसवंना. म्हनून आलं व्हतं पाणी."

हे हसायला गेले. अर्ध्यावर थांबले.

"तू लिव्हलं व्हतंस, माजी आई कदी थकत न्हाई. आक्की डाळमिल डोक्यावर घेती आन घरी येऊन हसती. लई भारी लिव्हलं व्हतंस. आन त्या दिसापास्नं तू माज्यासंगं आडावर पाणी भराया यायचा बंद झालास."

"मी?"

"त्याच्या आदी यायचास. एक कळशी तू आनायचास. आई दमती म्हनायचास." त्या थोडा वेळ धापा टाकत थांबल्या. "मंग निबंध झाला. आन मंग आई दमंनाशीच झाली."

घरात मशीनच्या वरचा दिवा तेवढा जळत होता. ह्यांनी पुडा साड्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि कॉटच्या कडेला बसले. मी ह्यांना असं कधी बघितलं नव्हतं. मोठ्या माणसाला शाळेच्या बाकावर बसवलं, की गुडघे कुठं ठेवावेत ते त्याला कळत नाही, तसे बसले होते.

"आई," हे म्हणाले, "मग तू तेव्हाच का नाही बोललीस?"

आत्याबाईंनी ह्यांच्या हातावर हात ठेवला.

"कसं बोलू, बाळा? समदी टाळ्या वाजवत व्हती. मी बी वाजवल्या."